कवींचा हंस आणि चित्रांतला हंस



मराठी घरांत ज्याचें नांव सर्वांच्या तोंडीं आहे, पण ज्याला ओळखणारे लोक मात्र फार थोडे आहेत, असा एक पक्षी म्हणजे हंस. ब्रह्मदेवाचें वाहन हंस, सरस्वतीचें वाहन हंस. दूध आणि पाणी निराळें करणारा न्यायी तो हंस. संन्याशांत श्रेष्ठ तो परमहंस. मनुष्य गेला कीं त्याचा प्राणहंस उडाला, असें आपण म्हणतों. इतका हा शब्द आपल्या बोलण्यांत मुरला आहे. परंतु हा हंस दिसतो कसा, येतो कोठून आणि जातो कोठें, असें कोणीं विचारलें, तर बहुतेक सुशिक्षित गृहस्थ भिंतीवरच्या एखाद्या चित्राकडे बोट दाखवितील. आजच्या भाषणांत मला एवढेंच सांगावयाचें आहे कीं, त्या चित्रांतला पक्षी आपल्या कवींचा हंस नव्हे. कवींचा हंस निराळा आहे. तो निव्वळ कल्पनेंतला नाहीं, आणि दर हिवाळ्यांत तो आपल्या महाराष्ट्रांत येऊन राहतो.

घोटाळा होऊं नये म्हणून प्रथम दोघांना दोन नांवें देऊन ठेवूं. चित्रांतला जो शुभ्र, लांब मानेचा पक्षी, त्याला इंग्रजींत 'स्वान' म्हणतात. हा उच्चार आपल्या कानांना श्वानाच्या फार जवळचा लागतो खरा. पण सोयीसाठीं आज आपण तोच शब्द वापरूं. दुसरा पक्षी तो पट्टकादंब. त्याच्या पांढऱ्या डोक्यावर काळे पट्टे असतात, म्हणून त्याला हें नांव. लेथम या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञानें १७९० मध्यें या पक्ष्याचें शास्त्रीय नामकरण केलें, तेव्हां 'हिंदुस्थानचा' या अर्थाचें विशेषण त्याच्या नांवाला जोडलें. आज शास्त्रज्ञ त्याला 'आन्सर इंडिकस' म्हणतात. स्वान आणि कादंब हे दोघेही बदकांच्याच विस्तृत कुळांतले, दोघेही पाणपक्षी, दोघेही डौलदार. म्हणूनच त्यांची अदलाबदल सहज झाली, आणि ती झाल्याचें आपल्या ध्यानांतही आलें नाहीं.

मी राहतों तें दहिवली गांव कर्जतला लागून, उल्हास नदीच्या कांठीं आहे. येथील भातशेतांत पांढरा पक्षी म्हणजे बगळा. अलीकडे शहरांतल्या मंडळींनीं या बाजूला बंगले बांधले आहेत. त्यांतल्या कांहींच्या आवारांत पांढरे, नारिंगी चोंचीचे, अनोळखी माणूस दिसतांच मान पुढें काढून ओरडत धांवणारे पक्षी पाळलेले दिसतात, आणि मालक कौतुकानें सांगतात कीं, हे आमचे राजहंस. ते स्वानही नव्हेत आणि पट्टकादंबही नव्हेत. यूरोपांत व चीनमध्यें फार प्राचीन काळीं माणसाळविलेल्या रानकादंबांचे ते वंशज आहेत. शाळेंत मुलांना हंस काढावयास सांगितला, तर बहुतेक मुलें इंग्रजी दोनचा आंकडा काढून त्याला एक पंख जोडीत. माझ्या नोकरीच्या सगळ्या वर्षांत काळ्या पट्ट्यांचा हंस कोणीं काढलेला मला आठवत नाहीं. दोष मुलांचा नव्हे. त्यांनीं पाहिलेल्या पुस्तकांत आणि चित्रांत सर्वत्र तोच दोनचा आंकडा होता.

आतां हे दोन पक्षी शेजारीं शेजारीं ठेवून पाहूं. यूरोपांतला जो प्रसिद्ध स्वान, त्याला तिकडे 'मुका स्वान' म्हणतात. त्याची लांबी सुमारें १५० सेंटिमीटर, आणि पूर्ण वाढलेल्या नराचें वजन १० ते १२ किलोपर्यंत भरतें. अंग दुधासारखें पांढरें. मान फार लांब व बांकदार. चोंच नारिंगी, पण कपाळापाशीं तिच्यावर एक काळा उंचवटा असतो. पाय काळे. पाण्यावर त्याच्यासारखा डौल कोणाचा नाहीं; परंतु जमिनीवर आला कीं त्याची चाल जड व ओबडधोबड होते, कारण त्याचे पाय अंगाच्या बरेच मागच्या बाजूस असतात. त्याचें मूळ वसतिस्थान यूरोप व मध्य आशिया. हिंदुस्थानांत स्वान येतो तो एखाद्या कडक थंडीच्या वर्षीं, वायव्येकडे, वाट चुकून. महाराष्ट्रांतल्या तळ्यांवर हिवाळा काढणें हा त्याचा क्रम नव्हे.

पट्टकादंबाची लांबी सुमारें ७५ सेंटिमीटर, आणि वजन २ ते ३ किलो. म्हणजे तो बदकाहून पुष्कळ मोठा, पण स्वानापुढें लहान. अंगाचा रंग फिकट राखी. उन्हांत आणि दुरून तो पांढराच भासतो. डोकें पांढरें, आणि त्यावर मागच्या बाजूस दोन आडवे काळे पट्टे. एक या डोळ्यापासून त्या डोळ्यापर्यंत गेलेला, दुसरा त्याच्या खालीं, जरा आंखूड. मानेची मागची बाजू काळसर, आणि दोन्ही अंगांस एकेक पांढरी रेघ खालीं उतरलेली. चोंच पिंवळसर नारिंगी, टोंकाशीं काळी. पाय नारिंगी. तो पोहतो, पण त्याचें पोट भरतें तें जमिनीवर. गवत आणि शेतांतले कोंवळे अंकुर चरत तो थव्यानें हिंडतो. दिवसा पाण्याच्या कांठीं विसावावें आणि संध्याकाळीं व रात्रीं चरावयास जावें, असा त्याचा परिपाठ. उडतांना थव्याची रांग बाणाच्या टोंकासारखी होते, आणि नाकांतून निघाल्यासारख्या स्वरांत सगळे एकमेकांना साद घालीत जातात.

तेव्हां ओळखण्याच्या तीन खुणा ध्यानांत ठेवाव्या. डोकें पाहावें: काळे पट्टे असले तर तो पट्टकादंब. पाय पाहावे: काळे ते स्वानाचे, नारिंगी ते कादंबाचे. चाल पाहावी: जमिनीवर जो सुखानें चालतो तो कादंब. या खुणा हातीं घेऊन आतां आपण जुन्या ग्रंथांकडे आणि लेण्यांकडे जाऊं, व कवींनीं वर्णिलेला हंस कोणत्या पक्ष्याशीं जुळतो तें पाहूं.

पहिली साक्ष शब्दाचीच. संस्कृत 'हंस', लॅटिन 'आन्सर', जर्मन 'गान्स' आणि इंग्रजी 'गूज' हे चारही शब्द एकाच मूळ शब्दापासून निघाले आहेत, हें भाषाशास्त्रांत सर्वमान्य आहे. यूरोपांतल्या त्या भाषांत या शब्दाचा अर्थ कादंब असाच आहे; स्वानाला त्यांनीं निराळा शब्द ठेविला आहे. म्हणजे या भाषा एकमेकींपासून दूर जाण्यापूर्वींच या पक्ष्याला हें नांव पडलें होतें, आणि बाकीच्या भावंडांनीं तें त्याच पक्ष्याकडे राहूं दिलें. एकट्या संस्कृतानेंच तें काढून स्वानाला दिलें असावें, असें मानण्यास कांहीं आधार दिसत नाहीं. उत्तर हिंदुस्थानांतले शिकारी रानकादंबांनाच 'हंस', 'राजहंस' म्हणत, अशा नोंदी एकोणिसाव्या शतकांतल्या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञांनीं करून ठेविल्या आहेत.

दुसरी साक्ष अमरकोशाची. अमरसिंहानें हंसांचे भेद सांगतांना नेमक्या चोंच आणि पाय याच खुणा घेतल्या आहेत, ही मोठी समाधानाची गोष्ट आहे. अंगानें पांढरे, पण ज्यांची चोंच व पाय तांबडे, ते राजहंस; ज्यांचे हे अवयव मळकट, ते मल्लिकाक्ष; आणि काळे असतील ते धार्तराष्ट्र, असा त्याचा निवाडा आहे. यूरोप-आशियांतल्या सर्व पांढऱ्या स्वानांचे पाय काळे असतात. तेव्हां राजहंसाचें हें लक्षण स्वानाला लागूं पडत नाहीं. पट्टकादंबाची चोंच व पाय मात्र नारिंगी असतात, आणि नारिंगीला तांबडें म्हणणें हें आपल्या रोजच्या बोलण्याला धरूनच आहे.

येथें कोणी अशी शंका काढील कीं, पांढरें अंग आणि तांबडे पाय हें वर्णन रोहित पक्ष्यालाही लागूं पडतें. ज्याला आपण आतां 'फ्लेमिंगो' म्हणतों, आणि ज्याचे थवे ठाण्याच्या खाडींत पाहावयास मुंबईचे लोक जातात, तो हा रोहित. शंका रास्त आहे. कांहीं कोशकारांनीं हंस शब्दाचा तोही एक अर्थ दिला आहे. हंस हा शब्द आपल्या पूर्वजांनीं एका जातीपुरता कडेकोट बांधून ठेविला नव्हता, हेंही मान्य केलें पाहिजे. पण रोहिताचीं घरटीं होतात कच्छच्या रणासारख्या खाऱ्या चिखलांत. हिमालय ओलांडून मानसरोवराकडे जाणें त्याच्या स्वभावांत नाहीं. आणि राजहंसाचें तर तेंच मुख्य लक्षण म्हणून कवि सांगतात.

तिसरी साक्ष चालीची आणि आवाजाची. एकदां वर्गांत 'हंसगामिनी' हा समास सोडवितांना एका मुलानें मला विचारलें होतें कीं, गुरुजी, हंस तर पोहतो, मग बाईच्या चालण्याला त्याची उपमा कशी? प्रश्न मार्मिक होता. समोर स्वान धरला तर या उपमेला कांहीं अर्थ राहत नाहीं. कारण जमिनीवर तो कष्टानेंच चालतो. पट्टकादंब मात्र संथपणें, मान किंचित् पुढें-मागें हालवीत, एका लयींत शेतांतून चालत जातो. कालिदासाच्या 'विक्रमोर्वशीया'च्या चौथ्या अंकांत हे दोन्ही मुद्दे एकत्र आले आहेत. उर्वशीच्या शोधांत वेडा झालेल्या पुरूरव्याला तिच्या पैंजणांचा नाद ऐकूं आल्याचा भास होतो. आणि पाहतो तों तो मानसाकडे जाण्यास उत्सुक झालेल्या राजहंसांचा आवाज. मग तो हंसालाच धरतो आणि म्हणतो कीं, माझ्या प्रियेची चाल तुझ्यापाशीं आहे, अर्थात् तूंच तिला चोरलें असलें पाहिजेस. ज्या पक्ष्याला त्याच्या मायदेशींच 'मुका' म्हणतात, त्याच्या आवाजावर कालिदासानें असा प्रसंग रचला असेल, हें संभवत नाहीं. कादंबांचा थवा मात्र कधीं गप्प बसत नाहीं.

चौथी साक्ष प्रवासाची, आणि माझ्या मतें हीच सर्वांत बळकट. 'मेघदूता'तला यक्ष रामगिरीवर राहतो. रामगिरि म्हणजे आपल्या नागपुराजवळचें रामटेक, असें परंपरा मानते. तो मेघाला सांगतो कीं, मानसाला निघालेले राजहंस कमळाच्या कोंवळ्या देठांची शिदोरी घेऊन कैलासापर्यंत तुझी सोबत करतील. पुढें तो क्रौंच पर्वतांतल्या हंसद्वाराचा उल्लेख करतो. हिमालयाची भिंत हंस त्या खिंडींतून ओलांडतात, अशी त्या काळची समजूत होती. कैक वर्षें पंडितांनीं हें सारें काव्य म्हणून बाजूला ठेविलें. परंतु पट्टकादंबाचीं घरटीं खरोखरच हिमालयापलीकडे होतात. तिबेट, लडाख, मंगोलिया व किर्गिझस्तान येथील पठारांवरच्या सरोवरांकांठीं तो अंडीं घालतो. स्वतः मानसरोवर समुद्रसपाटीपासून ४,५०० मीटरांहून अधिक उंचीवर आहे, आणि तो सारा मुलूख या पक्ष्याचा उन्हाळ्यांतला मुलूख आहे.

हे पक्षी हिमालय ओलांडतात कसे, हें पाहण्यासाठीं शास्त्रज्ञांनीं हिंदुस्थानांत व मंगोलियांत पट्टकादंब पकडून त्यांच्या अंगावर हलकीं यंत्रें बसविलीं आणि त्यांचा मार्ग उपग्रहांच्या साहाय्यानें टिपला. या संशोधनाचे निष्कर्ष २०११ पासून पुढें प्रसिद्ध होत गेले. हिंदुस्थानच्या बाजूनें चढाई करतांना हे पक्षी सात-आठ तासांतच पर्वताची उंची गांठतात. वाऱ्याच्या पाठबळावर ते अवलंबून राहत नाहींत. उलट रात्रीं व पहांटे, हवा थंड आणि स्थिर असतांना उडणें पसंत करतात. २०१५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या निबंधांत असें दाखविलें आहे कीं, ते एका सरळ उंच रेषेंत जात नाहींत, तर डोंगराच्या चढउताराला धरून, दऱ्यांत उतरत आणि पुन्हां चढत जातात. अधिकांत अधिक सुमारें ७,२९० मीटर उंचीची नोंद झाली आहे. इतक्या विरळ हवेंतून प्राणवायु ओढून घेण्याची विशेष शक्ति त्यांच्या रक्तांत असते. खिंडी आणि दऱ्या धरून जाणाऱ्या या पक्ष्याचा मार्ग वाचला, म्हणजे कालिदासाच्या हंसद्वाराची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. खरे कादंब वसंताच्या आरंभींच, फाल्गुन-चैत्रांत, उत्तरेकडे निघतात. आषाढाच्या मेघाची सोबत करण्यास ते येथें उरत नाहींत. तेवढा भाग कविसंकेताचा. पण कोठें जातात आणि कोणती भिंत ओलांडून जातात, या दोन्ही बाबतींत कवींचें म्हणणें खरें ठरलें आहे. स्वानाच्या बाबतींत त्यांतलें कांहींच खरें ठरलें नसतें.

पांचवी साक्ष दगडाची व रंगाची. बिहारांत लौरिया नंदनगड येथें अशोकाचा जो स्तंभ उभा आहे, त्याच्या शिरोभागीं सिंहाखालच्या पट्टीवर हंसांची रांग कोरली आहे. पेशावरजवळ सांपडलेल्या कनिष्काच्या अस्थिकरंडकावरही हंसांची माळ आहे. आपल्या अजिंठ्यास गेलात तर दुसऱ्या लेण्याचें छत अवश्य पाहावें. तेथें हंसांची एक सुंदर रांग रंगविली आहे. सतराव्या लेण्यांत हंसजातकाची कथा आहे: जाळ्यांत सांपडलेल्या हंसराजाला सोडून त्याचा सेनापति सुमुख जात नाहीं, ती ही कथा. या शिल्पांतले आणि चित्रांतले हंस न्याहाळून पाहा. अंग भरीव, मान बेताची, पाय जमिनीवर टेंकलेले. दोनचा इंग्रजी आंकडा तुम्हांला तेथें दिसणार नाहीं. त्या कारागिरांनीं जो पक्षी शेतांत आणि नदीकांठीं पाहिला, तोच काढला.

मग हा स्वान आमच्या घरांत शिरला कोठून? याचें उत्तर अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढच्या सव्वाशें वर्षांत मिळतें. इंग्रज पंडित संस्कृत काव्यांचीं भाषांतरें करूं लागले, तेव्हां त्यांना एक विचित्र अडचण आली. हंस म्हणजे 'गूज' हें त्यांतल्या जाणत्यांना ठाऊक होतें. पण इंग्रजींत 'गूज' हा शब्द मूर्ख माणसाला उद्देशून वापरतात. राजकन्येला 'गूज'ची चाल आहे असें लिहिलें, तर इंग्रज वाचक हंसल्याशिवाय कसा राहील? आपल्याकडे एखाद्या नायिकेला म्हशीची चाल म्हणावें, तशांतलाच तो प्रकार. म्हणून त्यांनीं 'स्वान' हा शब्द घातला. ऑक्सफर्डला पूर्वीं काव्याचा अध्यापक असलेल्या हेन्री हार्ट मिलमन यानें १८३५ मध्यें नल-दमयंतीच्या आख्यानाचें इंग्रजी पद्य भाषांतर प्रसिद्ध केलें. त्याच्या टीपेंत त्यानें मोकळेपणानें कबूल केलें आहे कीं, मुळांतला पक्षी इतका काव्यमय नाहीं, आणि त्याच्या कादंबांचे स्वान करण्याची परवानगी वाचकांनीं आपणांस द्यावी. परवानगी मागणारा तो तरी प्रामाणिक होता. पुढें आमच्याच लोकांनीं इंग्रजीवरून आपलें वाङ्मय पाहण्यास सुरुवात केली, आणि ती टीप सर्वजण विसरले.

शब्दानें जें आरंभिलें तें चित्रानें पुरें केलें, आणि हा भाग आमच्या कर्जतच्या शेजारीं घडला. राजा रविवर्मा यांनीं १८९४ मध्यें मुंबईंत शिळाछापाचा कारखाना काढला. पुढें मुंबईंत प्लेग आला, आणि १८९९ मध्यें तो कारखाना बोरघाटाच्या वरच्या अंगास, लोणावळ्यापुढील मळवलीस नेण्यांत आला. त्याच वर्षीं रविवर्मा यांनीं आपलें 'हंस-दमयंती' हें प्रसिद्ध चित्र रंगविलें. त्यांतला हंस शुभ्र आणि लांब मानेचा आहे. महाभारतांत नलाला भेटणारे हंस सोन्यानें मढविल्यासारखे होते, हें आपणांस ठाऊकच आहे. पण चित्रकारापुढें यूरोपीय चित्रकलेचा आदर्श होता आणि त्या कलेंत हंसाच्या जागीं स्वान होता. रविवर्म्यांच्या देवदेवतांचीं व पौराणिक प्रसंगांचीं रंगीत चित्रें छापून गांवोगांव गेलीं. ज्या घरांत कधीं चित्र नव्हतें तेथें देवघरांत आणि ओटीवर तीं लागलीं. पुढें हा कारखाना श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला, आणि १९७२ मध्यें आगींत जळाला. पण त्यानें घडविलेली नजर मात्र तशीच राहिली. रविवर्म्यांचें मोठेपण यानें उणें होत नाहीं. पण पक्ष्याच्या बाबतींत त्यांचें चित्र हा पुरावा नव्हे, एवढेंच माझें म्हणणें.

उरलेलें काम बालवाङ्मयानें केलें. डेन्मार्कच्या हान्स अँडरसननें १८४३ मध्यें कुरूप पिलाची गोष्ट लिहिली. त्या गोष्टींतलें पिलूं अखेर स्वान ठरतें, आणि डेन्मार्कच्या तळ्यांवर तेंच व्हावयाचें. ग. दि. माडगूळकरांच्या गोड बालगीतांतून ती कल्पना मराठींत आली, तेव्हां स्वानाचा राजहंस झाला. गीत इतकें रसाळ आहे कीं तें प्रत्येक मुलाच्या तोंडीं बसलें. आतां 'राजहंस' म्हटलें कीं मराठी मुलाच्या डोळ्यांपुढें डेन्मार्कचा पक्षी उभा राहतो; आणि ज्या रघुनाथ पंडितांच्या नलदमयंतीच्या आख्यानांतला हंसाचा विलाप पूर्वीं शाळेंत पाठ करीत, त्याच्या डोळ्यांपुढला पक्षी कोणता, हा प्रश्नही कोणास पडत नाहीं.

कोणी म्हणेल, गुरुजी, एवढा खटाटोप कशासाठीं? नांव हंस, चित्र स्वानाचें, बिघडलें काय? माझ्या मतें दोन गोष्टी बिघडल्या. पहिली ही कीं, आपल्या पूर्वजांची निरीक्षणशक्ति आपल्याच दृष्टीनें खोटी पडली. स्वान महाराष्ट्रांत नाहीं, म्हणून हंस नाहीं. हंस नाहीं, म्हणून कवींनीं तो कल्पनेनें रचला, अशी विचारांची सांखळी तयार झाली. नीरक्षीरविवेकासारख्या संकेताकडे बोट दाखवून सारेंच वर्णन भाकड ठरविणें मग सोपें झालें. वास्तविक त्या संकेताच्या बुडाशींही कांहीं निरीक्षण असावें. हार्वर्ड विद्यापीठाचे प्रो. लॅन्मन यांनीं १८९८ मध्यें असें सुचविलें कीं, येथलें 'क्षीर' म्हणजे गाईचें दूध नव्हे, तर कमळाच्या देठांतून निघणारा दुधासारखा चीक. पाण्यांतले देठ खाणारा पक्षी पाणी टाकून तें क्षीर घेतो. हा अर्थ सर्वांना पटेलच असें नाहीं. पण तो पक्षी खरा मानला, म्हणजेच असा विचार करणें शक्य होतें, हें ध्यानांत घ्यावें.

दुसरी गोष्ट अधिक दुःखाची आहे. डिसेंबर २०२० च्या अखेरीस आणि जानेवारी २०२१ मध्यें हिमाचल प्रदेशांतल्या पौंग धरणाच्या जलाशयावर पक्ष्यांच्या तापाची साथ आली आणि हजारों पक्षी मरून पडले. त्यांत सर्वांत मोठा भरणा पट्टकादंबांचा होता. आपण ती बातमी 'स्थलांतर करणारे पक्षी मेले' म्हणून वाचली आणि पान उलटलें. हजारों हंस मेले, असें कोणीं म्हटलें असतें तर ज्या घरांत सरस्वतीची पूजा होते, तेथें क्षणभर तरी कालवाकालव झाली असती. ज्याचें नांव आपण दुसऱ्याला देऊन बसलों, त्याच्या मरणाचें सुतक आपल्याला कसें लागणार? या पक्ष्याची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें बंद झाली आहे. परंतु तळ्यांचे कांठ बुजत गेले आणि पाणी नासत गेलें, तर बंदूक न उचलतांही त्याचा नाश होऊं शकतो. कायदा पक्ष्याला राखतो तो कांहीं अंशीं; लोकांची ओळख त्याला अधिक राखते.

म्हणून माझी श्रोत्यांस विनंति आहे कीं, हिवाळ्यांत एकदां घरांतल्या मुलांना घेऊन हा पक्षी पाहण्यास जावें. कोंकणच्या अरुंद खोऱ्यांत तो शोधूं नये. त्याला घाटावरचें मोकळें पाणी आणि त्याच्या कांठचीं शेतें हवीं असतात. पुणें-सोलापूर मार्गावर भिगवण स्टेशन आहे. १९८० मध्यें पूर्ण झालेल्या उजनी धरणाचें पाणी तेथवर पसरलें आहे. पैठणच्या नाथसागरावरही तो येतो. नोव्हेंबर अखेरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. सकाळीं लौकर पोहोंचावें, होडींतून फार जवळ जाऊं नये, आणि पाण्याच्या कांठाशीं राखी अंगाचे पक्षी उभे दिसले तर दुर्बिणींतून आधीं त्यांचें डोकें पाहावें. दोन काळे पट्टे दिसले कीं मुलांना सांगावें, हाच आपला हंस. मग त्यांना त्याचे पाय दाखवावे, त्याची चाल दाखवावी, आणि थवा उठला तर त्याचा आवाज ऐकवावा.

आमच्या कर्जतहून बोरघाट चढणारी आगगाडी आधीं मळवलीवरून जाते आणि पुढें पुण्यावरून भिगवणला पोहोंचते. छापलेला हंस आणि जिवंत हंस एकाच लोहमार्गावर आहेत, आणि मधलें अंतर कांहीं तासांचें आहे. भिंतीवरचें चित्र उतरवून टाका, असें मी म्हणत नाहीं. तें आपल्या वाडवडिलांनीं भक्तीनें लावलेलें आहे, तें तसेंच असूं द्यावें. फक्त त्याखालीं उभें राहून मुलानें विचारलें कीं, आजोबा, हंस खरोखर असतो का, तर त्याला 'पूर्वीं असे' किंवा 'गोष्टींत असतो' असें उत्तर देऊं नये. असतो, आणि येत्या थंडींत तुला दाखवितों, असें सांगावें.